मारितची धर्ममाता

पेत्रिने होल्मेनच्या हातची कॉफी गोस्वेर बेटावर कुणालाच आवडायची नाही. तरीही ज्या घरातलं कुणी कधी तिच्या स्वयंपाकघरात बसून ती कडूजहर कॉफी मुकाट्याने प्यायलं नाही, असं घर बेटावर शोधून सापडलं नसतं. कुणाचा नवरा समुद्रावरून परतला नाही, कुणाची गाय आटली, कुणाचं सुनेशी पटेनासं झालं, की पावलं आपोआप टेकाडावरच्या त्या लाल घराकडे वळायची. बरं, पेत्रिने काही गोड बोलून समजूत काढणाऱ्यांतली नव्हती. "झालं रडून? मग हे बटाटे सोल," असं म्हणायची. आणि बटाटे सोलता सोलता माणूस खरंच जरा सावरायचा.

बाई अंगाने थोराड. हिवाळा सरता सरता कॉडचा हंगाम आला की धक्क्यावर मासे चिरायला पुरुषांच्या बरोबरीने उभी राहायची. तिच्या सुरीला आणि जिभेला एकाच दगडावर धार लावलेली आहे, असं लोक म्हणत. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत न्यूमोनियाने गेला. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ अंतोन तिच्याजवळ राहायचा. दर रविवारी ही भावंडं चर्चमध्ये डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसत. अंतोनचा गळा गोड होता. पेत्रिनेचा असा, की शेजारचा माणूस चालच विसरून जाई.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले आणि त्यांनी बेटाच्या टोकावरच्या खडकावर तोफा बसवल्या. अंतोनने बंदी मोडून गोठ्यात रेडिओ लपवला होता. कुणीतरी चुगली केली. त्याला दक्षिणेकडच्या छावणीत नेलं आणि तो तिथेच मेला. पुरायला देहसुद्धा मिळाला नाही. चर्चमधली पेत्रिनेच्या शेजारची जागा तेव्हापासून रिकामी राहिली. नाताळात चर्च तुडुंब भरायचं, माणसं दाराशी उभी राहायची, पण त्या जागेवर बसायचं कुणाच्या मनातही येत नसे.

आणि नेमक्या त्याच जर्मनांच्या भटारखान्यात एडवर्टची आस्ता बटाटे सोलायला जायची.

आस्ता तेव्हा विशीचीही नव्हती. आई लहानपणीच गेलेली, बाप एडवर्ट होडी घेऊन समुद्रावर, घरात चूल पेटायला हवी म्हणून ती कामाला लागली. तिथे स्वयंपाक्याच्या हाताखाली एमिल नावाचा एक शिपाई होता. पुढे जे व्हायचं ते झालं. युद्ध संपलं, घराघरांवर झेंडे लागले, आणि त्याच दिवशी चार जणांनी आस्ताला धक्क्यावर ओढत नेऊन सगळ्यांसमोर तिचे केस कापले. कात्री कोन्राडच्या हातात होती. कोन्राड अंतोनचा जिवलग मित्र. लहानपणापासून दोघांनी एका होडीत वल्ही मारलेली.

त्या वेळी आस्ताला दिवस गेले होते. शरद ऋतूत एमिलला युद्धकैदी झालेल्या बाकीच्या जर्मनांबरोबर बोटीत घालून नेलं. जानेवारीत मुलगी झाली. एडवर्टने लेकीला घराबाहेर काढलं नाही, पण तिच्याशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवायचा.

आस्ता दुकानात गेली की गप्पा थांबत. तिला वस्तू मिळत, शब्द मिळत नसे. तिने चर्चला जाणंही सोडलं होतं. पण लेकराचा बाप्तिस्मा तरी व्हायला हवा होता. त्या बेटावर पाळकसाहेब काही आठवड्यांनी एकदा होडीने यायचे, एरवी रविवारची उपासना बेटावरचीच माणसं चालवत. आस्ताने त्यांना गाठलं. त्यांनी नकार दिला नाही, पण नियम सांगितला : बाप्तिस्म्याच्या वेळी बाळामागे दोन माणसं उभी राहिली पाहिजेत, धर्ममाता आणि धर्मपिता. आस्ता चुलतबहिणीकडे गेली. बहीण म्हणाली, "मला विचारू नकोस गं, सासू मला जगू देणार नाही." शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली, तर तिने दारच उघडलं नाही. आत पावलं वाजत होती, तरी.

एप्रिल उजाडला. काठ्यांच्या मांडवांवर कॉड सुकत लटकला होता, बेटभर त्याचा वास. ओढ्याच्या कडेला अजून बर्फ होता आणि आस्ता त्यातच उकिडवी बसून लंगोट धूत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"लंगोट पिळतेस की कोंबडीची मान मुरगाळतेस?"

आस्ता दचकून उठली. पेत्रिने उभी होती, पाठीवर सरपणाची मोळी. युद्ध संपल्यापासून दोघींचं एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. आणि पेत्रिने आपल्याशी कशाला बोलेल, असंच आस्ताला वाटायचं. बाकीच्यांना आपला राग येतो. हिला तर तो हक्कच आहे.

पेत्रिनेने मोळी खाली टाकली, तिच्या हातातून लंगोट घेतला आणि असा पिळला की एक थेंब उरला नाही.

"मुलगी ना? नाव काय?"

"नाही ठेवलं अजून."

"का? नावं संपली?"

आस्ताला रडू फुटलं. रडता रडताच तिने सगळं सांगितलं, चुलतबहिणीचं, बंद दाराचं. पेत्रिने ऐकत राहिली. "रडून झालं का," असं म्हणाली नाही. मोळी उचलली आणि चालू लागली. आस्ताला वाटलं, चुकलंच माझं. जिचा भाऊ त्यांनी मारला, तिच्यासमोर मी हे गाऱ्हाणं गायलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेत्रिने एडवर्टच्या दारात हजर. काखेत कापडाचं गाठोडं.

"मी उभी राहते," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली.

"मावशी, पण अंतोन..."

"अंतोनला कुणी मारलं ते मला माहीत आहे. तुझी पोरगी तेव्हा जन्मलीही नव्हती. एवढं गणित मला येतं." मग आत येऊन ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काल घरी जाताना वाटभर देवाशी भांडले. म्हटलं, दुसरं कुणी नाही का रे तुला मिळत? माझ्याच दारात का? पण तो काही ऐकायला तयार नव्हता. मग म्हटलं, ठीक आहे."

तिने गाठोडं सोडलं. आत बाप्तिस्म्याचा पांढरा झगा होता, लांबलचक, किनारीला पिवळसर पडलेला. पेत्रिनेच्या माहेरच्या सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा त्यातच झाला होता. पेत्रिनेचासुद्धा, अंतोनचासुद्धा. पेत्रिनेच्या स्वतःच्या लेकरांची वाट पाहून तो पेटीत तसाच पडून होता.

आस्ता म्हणाली, "मावशी, मी हिचं नाव अंतोनिया ठेवते."

"मुळीच नाही!" पेत्रिने एकदम कडाडली. "मेलेल्या माणसाचं ओझं लेकराच्या डोक्यावर कशाला? तिचं नाव तिचं तिला असू दे."

म्हणून मुलीचं नाव मारित ठरलं. आस्ताला ते आवडायचं, एवढंच कारण. चुलीपाशी जाळं विणत बसलेल्या एडवर्टने मान वर केली नव्हती, पण पेत्रिने जायला निघाली तेव्हा त्याने उठून दार उघडलं.

धर्मपिता मिळवायला पेत्रिने चर्चची घंटा वाजवणाऱ्या मथियासकडे गेली. मथियास म्हातारा, गुडघे दुखणारा, सगळ्यांशी जुळवून घेणारा जीव. ऐकून तो पांढराफटक पडला.

"अगं पेत्रिने, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, मथियास भित्रा नव्हता. आयुष्यात एकदा तरी म्हणू दे की त्यांना."

"माझे गुडघे..."

"तुला उभंच राहायचंय. नाचायचं नाहीये."

पाळकसाहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना गोंधळ नको होता. त्यांनी सुचवलं, "पेत्रिनेबाई, उपासना झाल्यावर, मंडळी घरी गेली की मागच्या खोलीत उरकून घेऊ. तिलाही बरं पडेल."

"पाळकसाहेब," पेत्रिने म्हणाली, "कोंबडी चोरून आणलीय का आपण? देवाला दाखवायची गोष्ट मंडळींपासून लपवायची कशाला?"

मे महिन्यातल्या त्या रविवारी चर्च भरलेलं होतं. आस्ता डोक्याला रुमाल घट्ट बांधून बाहेर पायरीशीच थबकली. केस जेमतेम कानापर्यंत आले होते. "माझ्याच्याने नाही होत," ती म्हणाली. पेत्रिनेने मारितला आपल्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मग तू थांब इथे. पण लेकरू भुकेलं की तुलाच यावं लागेल, माझा काही उपयोग नाही." आस्ता रडत होती, तरी तिला हसू आलं. आणि हसता हसताच ती आत शिरली.

दोघी मधल्या वाटेने चालत गेल्या. डावीकडच्या दुसऱ्या बाकापाशी पेत्रिने थांबली आणि आस्ताला म्हणाली, "सरक आत." आस्ताला कळेना. पेत्रिनेच्या नेहमीच्या जागेखेरीज रिकामी जागा एकच होती. पेत्रिनेने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला तिथे बसवलं आणि आपण बाजूला बसली.

चर्चभर कुजबुज पसरली. मागून कोन्राड उठला.

"पेत्रिने, ती अंतोनची जागा आहे."

पेत्रिने वळली. "जागा माझ्या भावाची आहे, कोन्राड. कुणाला द्यायची ते मी बघेन. तुला बसायचं तर बस, जायचं तर जा. पण जाताना दार लावून घे. लेकराला वारा लागेल."

कोन्राड गेला. त्याच्यामागे आणखी काही घरं उठून गेली. दार मात्र त्याने हळूच लावलं, हे आस्ताच्या पुढे कायम लक्षात राहिलं. पेटीवाल्याने सूर धरला, पण गीत कुणी उचलेना. मग एकट्या पेत्रिनेने सुरुवात केली, तिच्या त्या बेसूर, कावळ्यासारख्या आवाजात, अगदी छातीठोकपणे. पहिलं कडवं तिने एकटीने म्हटलं. दुसऱ्याला मथियास मिळाला. तिसऱ्याला मागच्या बाकावरून एक घोगरा आवाज आला आणि आस्ताने मान वळवली. तिचा बाप उभा राहून गात होता. त्याने पुस्तकातून डोळे वर केले नाहीत.

पाळकसाहेबांनी मारितच्या डोक्यावर पाणी घातलं. पोरगी एवढ्या जोरात किंचाळली की मथियास म्हणाला, "फुप्फुसं पेत्रिनेवर गेलीत."

याची किंमत पेत्रिनेला मोजावी लागली. धक्क्यावर तिच्या शेजारी कुणी उभं राहीना. जेवणाच्या सुट्टीत बायका दुसरीकडे तोंड करून बसत. एका सकाळी कुणीतरी माशांच्या आतड्यांची बादली तिच्या दारात ओतून ठेवली. आस्ता ते पाहून ढसाढसा रडली. पेत्रिनेने फावडं आणलं आणि सगळी घाण बटाट्याच्या वाफ्यात पसरली. "चांगलं खत आहे," ती म्हणाली. "कोण होता ते कळलं तर सांगेन त्याला, पुढच्या आठवड्यात अजून एक आण."

पण रात्रंदिवस हसतमुख राहणारी ती कुणी संत नव्हती. कधी कधी दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नसे. शेजारणीने नेलेलं दाताळं परत केलं नाही, यावरून तिने त्या बाईशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता, आणि आस्ताने छेडलं की म्हणायची, "देवाने शत्रूंवर प्रेम करायला सांगितलंय. दाताळ्याबद्दल तो काही बोलला नाही."

मग कोन्राडच्या घरात दुखणं शिरलं. त्याची बायको आल्फहिल खोकायला लागली, रक्त पडलं. क्षय आहे म्हटल्यावर बायकांनी त्या घराकडे जाणं सोडलं. दवाखान्यात जागा मिळायला वेळ होता, घरात लहान मुलं होती. पेत्रिने सुपाचं भांडं घेऊन गेली. कोन्राड दारात आडवा उभा राहिला.

"तुला कुणी बोलावलं नाही."

"सुपाला आमंत्रण लागत नाही. हो बाजूला, हात भाजतोय."

ती रोज जायला लागली. चुलीवर कपडे उकळायची, आल्फहिलचं अंथरूण बदलायची. एकदा तिने आस्ताला विचारलं, "येतेस का मदतीला? धुणं फार पडतं."

"त्याच्या घरी? मावशी, ज्याने माझे..."

"बरं," पेत्रिने लगेच म्हणाली. "राग तुझा आहे. तुझ्याजवळ ठेव, मी मागत नाही." आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. उपदेशाचा एक शब्द नाही. आस्ता पुढे म्हणायची, उपदेश केला असता तर मी कधीच गेले नसते.

हिवाळ्यात पेत्रिने धक्क्यावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून ती एका हाताने आल्फहिलचे कपडे पिळायला निघाली, तेव्हा आस्ताला ते बघवेना. "बसा घरी," ती म्हणाली आणि टोपली उचलून स्वतः गेली.

कोन्राडने दार उघडलं. तिला पाहून तो बाजूला झाला. आस्ताने दिवसभर काम केलं. संध्याकाळी ती निघाली तेव्हा तो अंगणात आला, टोपी हातात.

"त्या दिवशी... कात्री माझ्या हातात होती."

"माहीत आहे मला," आस्ता म्हणाली. "डोळे उघडे होते माझे."

"अंतोन गेल्याची बातमी नुकतीच आली होती. मला वाटलं, कुणावर तरी..."

"तो पेत्रिनेमावशीचा भाऊ होता," आस्ता म्हणाली. "त्यांच्याही हातात सुरी होती, रोज." आणि टोपली उचलून ती चालू लागली. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा गेली. मनगट बरं होईपर्यंत जात राहिली, आणि नंतर दोघी मिळून. आल्फहिलला वसंतात दवाखान्यात जागा मिळाली आणि ती बरी होऊन परत आली. कोन्राडला आस्ताने माफ केलं की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो तिला कधी आवडला नाही. पण चर्चच्या दारात तो टोपी काढायचा आणि ती मान हलवायची. बेटावरच्या बाकीच्यांना तेवढं पुरलं. हळूहळू धक्क्यावर पेत्रिनेच्या शेजारी पुन्हा माणसं उभी राहू लागली, आणि दुकानात आस्ताला मिठाबरोबर शब्दही मिळू लागले.

मारित मोठी झाली ती निम्मी एडवर्टच्या घरात, निम्मी टेकाडावरच्या लाल घरात. शाळेत एका मुलाने तिला "जर्मनाची पोर" म्हटलं, तेव्हा ती रडत पेत्रिनेकडे धावली. पेत्रिने म्हणाली, "त्याला सांग, मी पेत्रिने होल्मेनची धर्मकन्या आहे, आणि तिच्याकडे सुरी आहे." मारितने तसं सांगितलं. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं, त्यांनी पेत्रिनेला विचारलं, हे ख्रिस्ती वागणं आहे का? "मी सुरी आहे म्हटलं," पेत्रिने म्हणाली. "वापरीन कुठे म्हटलं?"

पुढे मारित मुख्य भूमीवर जाऊन परिचारिका झाली, तिथेच तिने संसार थाटला. एडवर्ट गेला. पेत्रिने थकली, पायांवर सूज आली, आणि आस्ता टेकाडावरच्या घरी राहायला गेली.

शेवटच्या हिवाळ्यात एका दुपारी दोघी खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर समुद्र राखाडी, आत चुलीवर कॉफी. ती आता आस्ता करायची, म्हणून पिण्यासारखी असायची. पेत्रिने अचानक म्हणाली, "कसा होता गं तो?"

"कोण, मावशी?"

"तुझा तो. मारितचा बाप."

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी शिव्या दिल्या होत्या, कीव केली होती, विषय टाळला होता. तो कसा होता, हे बापानेही कधी विचारलं नाही.

"तुम्हाला कशाला हवंय, मावशी? तुम्हाला त्रास होईल."

"होईल. पण तू ते एकटीने किती दिवस सांभाळशील?"

मग आस्ता बोलली. आधी अडखळत, मग धरण फुटावं तशी. एमिलला समुद्राची भीती वाटायची, होडीत बसला की डोळे मिटून घ्यायचा. बटाट्याचे गोळे उकळून करायचा, ते नेहमी फुटायचे. त्याच्या आईची बाग होती, त्यात जर्दाळूचं झाड. जाताना त्याने पत्ता दिला होता; आस्ताने पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. जिवंत आहे की नाही कुणास ठाऊक. पेत्रिने ऐकत होती. मधे एकदा तिने डोळे पुसले. अंतोनसाठी की एमिलसाठी की आस्तासाठी, ते कळलं नाही.

"गोळ्यांत पीठ कमी पडत असणार," शेवटी ती म्हणाली. "म्हणून फुटायचे."

मार्चमध्ये, हंगामाच्या ऐन गर्दीत, पेत्रिने गेली. दफनाच्या दिवशी एकही होडी समुद्रावर गेली नाही. शवपेटी उचलायला कोन्राड पुढे होता, पाठ वाकलेली असूनही त्याने कुणाला आपली जागा दिली नाही. मारित तान्ह्या लेकाला घेऊन बोटीने आली होती. चर्चच्या खोलीत दफनानंतर कॉफी झाली तेव्हा जो तो पेत्रिनेने आपल्याला काय काय ऐकवलं ते सांगत होता, आणि रडता रडता माणसं हसत होती. दाताळेवाली शेजारीणसुद्धा आली होती. ती कोपऱ्यात बसून सगळ्यात जास्त रडली.

संध्याकाळी लाल घरात मायलेकी दोघीच उरल्या. मारितने भांडी विसळली, बाळाला निजवलं. आस्ताने तिला जवळ बोलावलं.

"बस," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं नाव एमिल होतं. तुला सांगायचं राहिलंय बरंच."